कोशाबाहेरचे शब्द आणि दोन साक्षीदार

शनिवार, ४ जानेवारी. खेळ संपल्यावर.

मी, या घराचा कर्ता पुरुष, वाणिज्य शाखेचा पदवीधर (पहिल्याच प्रयत्नात, सर्व विषयांत), पाण्याचे पंप बनवणाऱ्या एका कंपनीत अंतर्गत तपासणी विभागाचा प्रमुख, आजपासून ही रोजनिशी सुरू करीत आहे. नाव लिहीत नाही. रोजनिशी माझी आहे, वाचणारा मीच आहे आणि मला माझे नाव ठाऊक आहे. वही चुकून दुसऱ्या कोणाच्या हाती लागलीच, तर ती कोणाची हे सिद्ध करण्याची जबाबदारी त्याच्यावर राहील.

उद्देश: दर शनिवारी आमच्या जेवणाच्या टेबलावर शब्दांचा जो खेळ होतो, त्यातील गैरप्रकारांची नोंद ठेवणे.

खेळ असा. लाकडी चौकोनी ठोकळे, प्रत्येकावर एक अक्षर, कोपऱ्यात त्याचे गुण. पिशवीतून न पाहता उचलायचे, आपापल्या पट्टीवर लावायचे आणि पटावर शब्द मांडायचा. काना, मात्रा, वेलांटी ज्याने त्याने तोंडाने लावायची. जोडाक्षर सुटे करून मांडायचे. इथपर्यंत माझी हरकत नाही. हरकत पुढे आहे. या घरात असा एक नियम चालत आलेला आहे की शब्द कोशात नसला तरी चालेल. टेबलावरच्या दुसऱ्या दोघांनी "ऐकलाय" म्हटले की तो मान्य. हा नियम कोणी आणि कोणत्या बैठकीत मंजूर केला, याची आज विचारणा केली. सौ. म्हणाली, आईने केला. सासूबाई गेल्या वर्षी वारल्या. म्हणजे ज्यांना विचारायचे त्याच उपलब्ध नाहीत. सोयीस्कर आहे.

खेळणारे: सौ.; सासरे, म्हणजे नाना, जन्मभर चष्म्याचे दुकान चालवले, सासूबाई गेल्यापासून आमच्याकडे असतात आणि आठवडाभर खिडकीशी गप्प बसतात; मेव्हणी, सौ. ची धाकटी बहीण, दोन गल्ल्या सोडून राहते; आमची कन्या, कॉलेजात आहे; आणि मी. गुण लिहिण्याचे काम अर्थातच माझ्याकडे.

आज नानांनी "गारोठा" मांडला. मी तत्काळ ऑब्जेक्शन घेतले. अर्थ विचारता नाना म्हणाले, चहा नुसता गार नव्हे, वर साय धरून गार झाला, की गारोठा. सौ. आणि मेव्हणी एका सुरात: ऐकलाय. मी निदर्शनास आणून दिले की दोन्ही साक्षीदार अर्जदाराच्या सख्ख्या मुली आहेत. अशी साक्ष कोणत्याही कार्यालयात टिकणार नाही. यावर मेव्हणी म्हणाली, "भाऊजी, तुमचाच गारोठा व्हायला लागलाय, आधी तो प्या."

प्यायलो नाही. कप नवा होता. कोणत्या कंपनीचा, हे पाहण्यासाठी उलटा केला. आत चहा आहे ही बाब त्या गडबडीत राहून गेली. टेबलक्लॉथ बदलावा लागला. नाना खूप हसले. त्या हसण्याचा खेळाशी संबंध नाही, म्हणून तपशील लिहीत नाही.

वही खुपसणीत ठेवीत आहे, उडालेल्या बल्बांच्या आणि कोणत्याच कुलपाला न लागणाऱ्या किल्ल्यांच्या खाली. तिथे घरातले कोणी काही शोधत नाही, फक्त टाकतात.


रविवार, ५ जानेवारी

संकल्प. आवाज चढवायचा नाही. पुरावा गोळा करायचा. पुरावा पुरेसा झाला की एकदम मांडायचा.

पहिले पाऊल म्हणून जाडजूड शब्दकोश विकत आणला. घेण्यापूर्वी बांधणी पाहण्यासाठी उलटा धरून हलवला. दुकानदार म्हणाला, साहेब, हा समोरून वाचतात. उद्धट होता.


शनिवार, ११ जानेवारी

आजचा दिवस ठीक चालला होता. मी "उंबर" मांडला. निर्दोष शब्द, उत्तम गुण. समाधानाने चहा घेत होतो तोच नानांनी माझ्याच उंबराला पुढे तीन ठोकळे लावले आणि "उंबरगप्पा" केले.

अर्थ: निघतो, निघतो म्हणून पाहुणा पायात चपला घालतो आणि मग उंबऱ्यावर उभा राहून ज्या गप्पा मारतो त्या. नानांचे म्हणणे असे की सासूबाईंच्या मते खरे बोलणे तेवढेच असते, आत बसून बोलतात ती नुसती हजेरी. कन्येने टाळी वाजवली. कन्येची साक्ष मी धरत नाही. तिचा कल आजोळाकडे आहे. पण सौ. आणि मेव्हणीने नेहमीप्रमाणे हात वर केले आणि माझ्या उंबराचे गुण नानांच्या खात्यात जमा झाले.

बारकाईने पाहिले. हात वर करण्यापूर्वी मेव्हणी कानातल्याला हात लावते. सौ. पदर सारखा करते. ही खूण असावी.

एक गोष्ट मात्र न्यायाने नमूद करतो. त्यानंतर नानांनी "खुपसण" मांडला तेव्हा साक्षीची गरजच पडली नाही. मी स्वतःच म्हणालो की हा शुद्ध, प्रचलित, घरोघरी वापरात असलेला शब्द आहे, असे शब्द मांडत जा. यावर सगळे हसत सुटले. कन्या तर खुर्चीवरून घसरली. कारण विचारले. कोणी सांगितले नाही.


रविवार, १२ जानेवारी

"खुपसण" कोशात नाही.

दोनदा पाहिले. नंतर ख चे पान फाडले आहे काय हे पाहण्यासाठी पृष्ठांचे क्रम तपासले. क्रम बरोबर आहेत. म्हणजे शब्द छापतानाच गाळला गेला. ज्या ड्रॉवरमध्ये जे कुठेच मावत नाही ते खुपसून ठेवतात, त्याला दुसरे काय म्हणतात? प्रकाशकांना पत्र लिहिणार आहे. तोपर्यंत कोशावर पूर्ण विश्वास ठेवावा, कारण दुसरा कोश आणलेला नाही.


मंगळवार, १४ जानेवारी

महत्त्वाचा पुरावा. ऑफिसातून लवकर आलो. स्वयंपाकघरात सौ. मेव्हणीशी फोनवर बोलत होती. "शनिवारी तरी बोलतात गं, एवढंच," असे म्हणाली. मग म्हणाली, "ह्यांना नको सांगूस, हे लगेच त्याचा तक्ता करतील." मी आत शिरताच विषय दुधावर गेला.

निष्कर्ष सरळ आहे. साक्षीदार शनिवारी बोलतात, हे कबूल झाले. आणि तक्त्याची भीती त्यांनाच असते ज्यांचे आकडे जुळत नाहीत.

सौ. चे डोळे लाल होते. कांदा.


शनिवार, १८ जानेवारी

आज कळस झाला.

नानांच्या पट्टीवर बराच वेळ ठोकळे इकडचे तिकडे होत होते. मग त्यांनी एकेक करून ब, ड, प, ह, य मांडले आणि स्पष्ट उच्चारले: "बुडपाह्या."

सौ. ने तोंडावर हात ठेवला. मेव्हणीला ठसका लागला. कन्या टेबलाखाली काही पडल्याचे निमित्त करून खाली गेली आणि वर आलीच नाही. मी शांतपणे अर्थ विचारला. कोणी सांगेना. नाना चष्मा काढून डोळे पुसत होते, इतके हसत होते. म्हणाले, "जावईबापू, अर्थ सांगायचा म्हणजे वस्तू दाखवावी लागते. आणि वस्तू आत्ता खुर्चीत बसलीय, हलायला तयार नाही."

मी सर्व खुर्च्यांवर पाहिले. खुर्च्या उलट्या करून खालूनही पाहिले. वस्तू आढळली नाही. माझ्या या कृतीने हसणे आणखी वाढले.

मग नाना बराच वेळ सासूबाईंबद्दल बोलले. दुकानातल्या भिंगांची पेटी त्यांनी एकदा चुकून कशी धुतली, त्यावर त्या स्वतःच कशा रुसल्या, वगैरे. वर्षभरात ते सासूबाईंबद्दल इतके बोललेले मी ऐकले नव्हते. सौ. आणि मेव्हणी कान देऊन बसल्या. मी मात्र सावध होतो. ही लक्ष विचलित करण्याची जुनी पद्धत आहे; विक्रेते वापरतात. शब्द मान्य करण्यात आला. मी निषेध नोंदवला.


सोमवार, २० जानेवारी

एक गोष्ट इथे, आणि फक्त इथेच, लिहितो. "बुडपाह्या" हा शब्द मी पूर्वी एकदा ऐकलेला आहे.

सासूबाई इस्पितळात होत्या, अखेरच्या आठवड्यात. मी भेटायला गेलो, दारातच होतो. त्यांनी नानांना क्षीण आवाजात विचारले, "माझा बुडपाह्या आला का?" रुग्णाला एखादे भांडे हवे आहे हे मी लगेच ताडले. कोणाला त्रास न देता स्वतः भांडारात गेलो, तिथल्या बाईशी हुज्जत घातली आणि झाकणाचा एक डबा व एक पसरट पातेले घेऊन आलो. दोन्ही आधी उलटी करून पाहिली, गळकी नकोत. मी दारात उभा राहिलो तेव्हा सासूबाई माझ्याकडे पाहून हसल्या आणि म्हणाल्या, "हाच तो." डबा योग्य निघाला याचे मला समाधान वाटले. पातेले परत केले.

तेव्हा ही वस्तू म्हणजे भांडे आहे, हे निश्चित. प्रश्न एवढाच की अर्थ इतका साधा असताना तो माझ्यापासून लपवण्याचे कारण काय.

हे मी टेबलावर सांगितले नाही. सांगितले असते तर मी साक्षीदार ठरलो असतो आणि शब्द भक्कम झाला असता. कोणी विचारले नाही, म्हणून मी सांगितले नाही. यात लपवाछपवी काही नाही.


बुधवार, २२ जानेवारी

भांड्यांच्या दुकानात गेलो. "बुडपाह्या आहे का?" असे आडवळण न घेता विचारले. दुकानदाराने मुलगा पाठवून माळ्यावर शोधले. तोवर मी मांडणीवरची पातेली पाहत होतो. हल्ली तळ पातळ करतात, वरून जाड दिसतो. दुकानदार माझ्याकडे पाहत राहिला आणि म्हणाला, "साहेब, सगळ्यांची बुडं तर तुम्हीच पाहताय. आणखी वेगळं काय देऊ?"

नवा माल आला की कळवतो, असे म्हणाला. म्हणजे वस्तू बाजारात येते. फक्त सध्या तुटवडा आहे.


शनिवार, २५ जानेवारी

सुधारणा अमलात आली. टेबल माझे, पट माझा, ठोकळे माझ्या नावावर घेतलेले. सबब, अधिकार माझा. खेळापूर्वी उभा राहून कागद वाचून दाखवला: यापुढे कोशातील शब्दच ग्राह्य. कोशाबाहेरचा शब्द मांडल्यास नात्याबाहेरचे दोन साक्षीदार लागतील. मुली, नाती यांची साक्ष धरली जाणार नाही. पंच म्हणून समोरच्या दंतवैद्याला बोलावले होते. सज्जन, अविवाहित, कोणाच्याही नात्यात नाही. कागदाची एक प्रत त्याला दिली. त्याने घडी करून खिशात ठेवली.

सौ. ने विचारले, "अहो, एवढं काय अडलंय?" मी म्हणालो, तत्त्व. ती म्हणाली, "मग तत्त्वालाच चहा करायला सांगा."

नानांनी सगळे ऐकून घेतले. खेळले "पाट". मग "वाट". मग म्हणाले, पास. कन्येने हळूच विचारले, आजोबा, अक्षरं वाईट आलीत का? ते म्हणाले, अक्षरं चांगली आहेत गं, शब्द आठवत नाहीत. आणि पट्टी पालथी घातली.

मी जिंकलो. स्पष्ट बहुमताने म्हणता येईल. कोणी ओरडले नाही, कोणी हसले नाही, टेबलक्लॉथ कोरडा राहिला. इतक्या वर्षांत प्रथमच शिस्त दिसली.

दंतवैद्य जाताना दारात बराच वेळ घुटमळला. "काका कमी बोलतात का एरवीही?" असे विचारत होता. मी म्हणालो, ते वयोमानाप्रमाणे आहे.


बुधवार, २९ जानेवारी

नाना आठवडाभरात एकही वाक्य बोललेले मला स्मरत नाही. सौ. ला तसे म्हणालो. ती माझ्याकडे इतका वेळ पाहत राहिली की मी शर्टाची बटणे तपासली.


शनिवार, १ फेब्रुवारी

मेव्हणी आली नाही. डोके दुखते म्हणाली. कन्येचा अभ्यास. नाना खिडकीशी. मी आणि दंतवैद्य बसलो. त्याने "दाढ", "दात" आणि "हिरडी" मांडले आणि पेशंट आहे म्हणून उठला. शनिवारी संध्याकाळी कोणता पेशंट? खिडकीतून पाहिले: दवाखान्यात दिवा नव्हता.

एकट्याने दोन्ही बाजू खेळून पाहिल्या. उजव्या बाजूने डावीला हरवले. खेळ नियमानुसार झाला.

जेवताना सौ. म्हणाली, नाना धाकटीकडे राहायला जायचं म्हणतात. मी विचारले, का? ती म्हणाली, "तिकडे खिडकी मोठी आहे." आणि उठून गेली. तिचे ताट तसेच राहिले.


रविवार, २ फेब्रुवारी

नाना गेले. ट्रंक, काठी, भिंगांची ती पेटी. ते रिक्षात बसत असताना मी म्हणालो, काही चुकले असल्यास सांगावे. नाना म्हणाले, तुमचं काही चुकलं नाही जावईबापू, तुमचं कधीच चुकत नाही. हे प्रमाणपत्र मी मनात जपून ठेवले आहे. मात्र ते ऐकून सौ. घरात का निघून गेली, समजले नाही.

आणि रिक्षा निघाल्यावर उंबऱ्यावर मी एकटाच उभा होतो. बोलायला कोणी नव्हते.

संशय: हा मुक्काम हलवण्याचा डाव आहे. तपासणी कडक झाली की लोक गोदाम बदलतात. ऑफिसात असे नेहमी पाहतो.


बुधवार, ५ फेब्रुवारी

घरात शांतता आहे. चांगली आहे. सौ. "हो", "नाही" आणि "वाढलंय" एवढे तीन शब्द बोलते. तिन्ही कोशात आहेत.

सकाळी चहा साय धरून गार झाला. काय झाला ते लिहिणार होतो. त्यासाठी शब्द सापडला नाही. कोशात शोधला. नाही.

रिकाम्या खुर्चीच्या खाली हात घातला तर "ब" चा ठोकळा सापडला. खुपसणीत टाकला.

सायंकाळी दंतवैद्याला त्याच्या दवाखान्याच्या जिन्यात गाठले. शनिवारी येणार ना, म्हणून विचारले. चाचरला. मग म्हणाला की शनिवारी त्याला "तिकडे" बोलावले आहे. तिकडे म्हणजे कुठे? मेव्हणीकडे. सौ. आणि कन्याही जातात म्हणे, गेल्या रविवारी सामान पोचवून झाल्यावर तिथेच डाव मांडला होता. मला भाजी आणायला जातो असे सांगितले होते. भाजी आली होती, हे खरे, पण उशिरा.

संपूर्ण टोळी. माझाच पंच फोडला. संकल्प: शनिवारी पूर्वसूचना न देता अचानक तपासणी.


शनिवार, ८ फेब्रुवारी

तपासणीचा अहवाल. जसे घडले तसे लिहितो.

मेव्हणीच्या दाराबाहेर थोडा थांबलो. आतून हसण्याचा आवाज येत होता. नानांचाही होता. बेल वाजवली. मेव्हणीने दार उघडले, मला नखशिखांत पाहिले, "या. पंच कमीच होते," एवढेच म्हणाली आणि हातात चहाचा कप दिला. कोणी उठले नाही, कोणी काही लपवले नाही. अपराधी लोक इतके निवांत कसे बसतात हे मला अजून कळलेले नाही.

मला खुर्ची नव्हती. भिंतीला टेकून उभा राहिलो.

पटावर "बुडपाह्या" नुकताच मांडलेला होता. पट आणि ठोकळे माझेच, इकडून नेलेले; त्यांत ब नसल्याने नानांनी त्या जागी शर्टाचे बटण ठेवले होते. आणि दंतवैद्य, ज्याला मी फुटीर समजत होतो, त्याने खिशातून माझा कागद काढला. नानांना म्हणाला, "काका, माफ करा, मला पंच म्हणून नेमलंय. शब्द कोशात नाही. नात्याबाहेरचे दोन साक्षीदार लागतील. ह्या दोघी मुली, ही नात. चालणार नाहीत." सौ. म्हणाली, अहो, सोडा ना डॉक्टर. तो म्हणाला, नियम मी केलेला नाही.

अक्षरशः माझाच नियम. इतका नेमका लागू झालेला मी क्वचित पाहिला आहे. आनंद व्हायला हवा होता.

नानांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "राहू दे. तिचा शब्द होता. तिच्याबरोबर गेला." आणि एकेक ठोकळा उचलायला लागले. आधी य. मग ह. सौ. ने मान फिरवली. मेव्हणीने कानातल्याला हात लावला. ती खूण नव्हती, हे मला तेव्हा दिसले. ती रडू आवरताना तसे करते.

नानांचा हात "प" वर आला तेव्हा मी म्हणालो, थांबा. मी ऐकला आहे.

सगळे माझ्याकडे पाहू लागले. मी नियमाप्रमाणे स्थळ, प्रसंग आणि वाक्य सांगितले. इस्पितळ, मी दारात, सासूबाई म्हणाल्या, माझा बुडपाह्या आला का, मी डबा आणि पातेले आणले, त्या म्हणाल्या, हाच तो. जावई हे रक्ताचे नाते नाही, कायद्याने आहे. सबब माझी साक्ष धरावी.

कोणी हसले नाही. सौ. म्हणाली, "डबा?" पुन्हा म्हणाली, "अहो, तुम्ही डबा आणलात?"

दंतवैद्य म्हणाला, एक झाला, दुसरा हवा. मी अस्वस्थ होतो. हातातला कप कोणता आहे ते कळेना, म्हणून सवयीने उलटा करून पाहिला. होता. म्हणजे चहा होता. मेव्हणीच्या गालिच्यावर.

दंतवैद्याने गालिचा पाहिला, कप पाहिला, मला पाहिले. कागदाची घडी घालून खिशात ठेवली. म्हणाला, "मी ऐकला नाही, पण आत्ताच पाहिला. चालेल का, काका?"

नाना म्हणाले, पळेल. आणि मग इतके हसले की शेजारच्या घरातून कोणी विचारायला आले.

तरीही मी अर्थ विचारलाच, कारण तो अद्याप नोंदवलेला नव्हता. नानांनी सांगितला. मी त्यांच्या घरी पहिल्यांदा गेलो तेव्हा समोर ठेवलेली बशी मी उलटी करून तळावरचा शिक्का वाचला. सासूबाई आत जाऊन म्हणाल्या, हा बुडपाह्या दिसतोय. मुलीला विचारा आणि हो म्हणा. वरवर पाहून निघून जाणारा नाही हा.

तेव्हापासून घरात माझे ते नाव आहे. सर्वांना ठाऊक होते. तपासणी विभागाच्या प्रमुखाला सोडून.

इस्पितळात त्या भांडे मागत नव्हत्या. माझ्याबद्दल विचारत होत्या. मी समोरच उभा होतो, दोन्ही हातांत भांडी.

पुढचा मजकूर आज लिहिता येत नाही.


शनिवार, १५ फेब्रुवारी

नाना ट्रंकेसह परत आले. मेव्हणीच्या खिडकीवर ऊन येते म्हणाले. "ब" मी खुपसणीतून काढून आपणहून हजर केला. जुना नियम पूर्ववत लागू. शब्दकोश वापरात आहे: नाना त्यावर बसतात, टेबलाशी उंची बरोबर जमते. त्यामुळे तो खेळ चालू असताना पाहता येत नाही आणि उलटाही करता येत नाही.

नियम शिथिल झालाच आहे तर त्याचा लाभ आपणही घ्यावा, असा विचार केला. अक्षरे उत्कृष्ट होती. पूर्ण आत्मविश्वासाने "फेरटाच" मांडला. अर्थ: टाचणी गंजल्यामुळे दुसऱ्यांदा टाचलेली फाइल. आमच्या विभागात हा शब्द मी नेहमी वापरतो. जिंकणार होतो.

साक्षीदार कोण, म्हणून नानांनी विचारले. सौ. म्हणाली, ऐकला नाही. मेव्हणी म्हणाली, नाही बुवा. कन्या म्हणाली, बाबा, कधीच नाही. दंतवैद्याने फार विचार केला, पण तो प्रामाणिक माणूस आहे. शब्द नामंजूर. ठोकळे मीच उचलले. एकूण गुणांत शेवटचा आलो. खाली कोणी नाही ना, म्हणून तक्ता दोनदा पाहिला.

संशय आहे की ते चौघे आधी ठरवून आले होते. पुरावा नाही. चहा गारोठा झाला आहे.

(सही)
बुडपाह्या
स्थळ: जेवणाचे टेबल, नानांच्या शेजारची खुर्ची
दिनांक: १५ फेब्रुवारी